पाहुण्यांसाठी गिलावा

भूकंपाने गवंड्यांच्या आळीत एकही घर पाडलं नाही, पण एकही भिंत धड ठेवली नाही. खालच्या वस्तीत तर घरांच्या जागी नुसते ढिगारे उरले होते, आणि आळीतले सगळे पुरुष सुरुवातीचे दिवस तिथेच होते, हातांनी विटा उपसत. त्या दिवसांबद्दल आळीत कोणी फारसं बोलत नाही. बोलतात ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. आळीने स्वतःच्या हाताने स्वतःची जी फजिती करून घेतली त्याबद्दल. ती गोष्ट सांगताना सांगणाराच आधी हसायला लागतो.

तर सगळी आळी शाळेमागच्या मैदानावर सरकारी तंबूंत राहत होती. एका सकाळी भोंगा लावलेली गाडी आली आणि सांगत फिरली की, सरकारी इंजिनीअर घरोघरी येऊन पाहणी करणार आहेत. घर राहण्याजोगं नसेल तर दारावर लाल खूण. ते सरकार उतरवणार आणि नवं बांधून देणार. डागडुजी लागणार असेल तर पिवळी. त्याला सामान मिळणार. आणि घर ठीक असेल तर हिरवी; त्यांनी तंबू रिकामा करून आपापल्या घरी जावं, तंबूची वाट बघणारे अजून पुष्कळ आहेत.

गाडीने सगळं नीट, दोनदोनदा सांगितलं. पण आळीच्या कानात शिरलं ते एवढंच, की सरकारी माणूस आपलं घर बघायला येणार.

आता ही आळी म्हणजे गिलावा करणाऱ्यांची. गावातली कचेरी, बँक, दवाखाना, झाडून सगळ्या चांगल्या भिंतींवर याच आळीचा हात फिरलेला. परक्या माणसाने येऊन गवंड्याच्याच घरातल्या भेगा बघायच्या, ही कल्पनाच कुणाला सोसेना. पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर आवरतो, तसे हे सगळे उठले आणि गिलावा करायला गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. जो तो करणी आणि घमेलं घेऊन आपल्या दारात. आठवडाभर आळीत चुन्याचा वास आणि गिलावा घोटायचे लाकडी रंधे फिरल्याचा खरखर आवाज, दुसरं काही नाही.

यात सगळ्यांत पुढे होते मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गिलाव्यातले मास्तर, आळीतल्या निम्म्या लोकांनी करणी कशी धरायची ते त्यांच्याकडे शिकलेलं. त्यांच्या घरात चार माणसं: ते, त्यांची बायको, सूनबाई, आणि सूनबाईच्या कडेवरचं पिल्लू, जे नुकतंच भिंतीला धरून उभं राहायला शिकलं होतं. मुलगा ट्रकवर होता. सरकारी शेडचे पत्रे गावोगाव पोचवायचं काम त्याला मिळालं होतं, त्यामुळे तो सगळ्या जिल्ह्याची घरं उभी करत होता आणि स्वतःच्या घराची खबर फोनवरून घेत होता.

घराची खबर अशी, की आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, जिथे पिल्लाचा पाळणा असायचा, तिथे वरपासून खालपर्यंत भेग पडली होती. भूकंपानंतर कपडे आणायला म्हणून सूनबाई घरात गेली तेव्हा तिने त्या भेगेत हात घालून पाहिला होता. मनगटापर्यंत हात आत गेला आणि बोटांना पलीकडची गार हवा लागली. तिने झटकन हात काढून घेतला, कपडे तिथेच टाकले आणि बाहेर येऊन तंबूत झोपलेल्या पिल्लाला उगाचच उठवून छातीशी धरलं. ते रागावून रडलं, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

मास्तरांनी ती भेग भरली. आत विटांचे तुकडे, गोणपाटाचे धागे, मग चुन्याचे थर, एक वाळला की दुसरा. शेवटचा थर त्यांनी असा घोटला की खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवरून घसरून जमिनीवर पडावं. सासूबाई म्हणाल्या की आपलं लग्न झालं तेव्हापासून हे घर बघतेय, पण यांनी आपल्या घराला इतका जीव कधी लावला नव्हता. मास्तरांनी पिल्लाला उचलून भिंतीजवळ नेलं, तर पिल्लू भिंतीत स्वतःची सावली बघून तिला मुके द्यायला लागलं. मास्तरांना त्या दिवशी जेवणसुद्धा नको झालं, इतकं पोट आधीच भरलं होतं.

मग इंजिनीअर बाई आल्या. स्कूटरवरून, एकट्याच, खांद्याला पिशवी आणि पिशवीत रंगाचे तीन डबे. तंबूत पिल्लू तापाने किरकिरत होतं म्हणून सूनबाई तिकडेच होती; तिला सगळं नंतर सासूबाईंकडून कळलं. बाई घराघरांत गेल्या, भिंती पाहिल्या, हात फिरवला, वर पाहिलं, खाली पाहिलं. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भेग सापडेना. मास्तरांच्या आतल्या खोलीत तर त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की इतकी सुंदर भिंत मी नोकरीत पाहिली नाही. मास्तरांनी बाईंना चहा पाजला. शेजाऱ्यांनी सरबत पाजलं. बाई गेल्या तेव्हा प्रत्येक दारावर गोल गरगरीत हिरवी खूण होती, आणि आळी अशी खूश होती जशी काही सगळ्यांची मुलं पहिल्या नंबराने पास झाली होती.

हिरव्याचा अर्थ काय, हे संध्याकाळी तंबू गोळा करणारी माणसं आली तेव्हा डोक्यात शिरलं.

बोलका म्हणून आळीत एक गवंडी होता, जो झोपेतही बोलतो असं त्याची बायको सांगायची. तो दारातल्या हिरव्या खुणेकडे बघत कितीतरी वेळ गप्प उभा राहिला, तेव्हाच लोकांना कळलं की प्रकरण गंभीर आहे. मग तो म्हणाला, "सरकारला फसवून मदत लाटणारे ऐकले होते. फसवून मदत घालवणारे आपणच पहिले."

लोक हसले, पण गादीच्या वळकट्या डोक्यावर घेऊन घरी निघालेच. आता जाऊन सांगणार कोण, की बाई, आम्ही भेगा झाकल्या होत्या? आणि का झाकल्या विचारलं तर काय सांगणार, की लाज वाटली म्हणून?

सूनबाईने मात्र वळकटी उचलली नाही. ती म्हणाली की आतल्या खोलीत मी पिल्लाला निजवणार नाही. सासूबाई म्हणाल्या मग बाहेरच्या खोलीत निजव. पण बाहेरची खोली पहिल्यापासूनच बुटकी आणि अरुंद, तिथे स्वयंपाक होईल एवढीच जागा. झोपायला म्हणून जी होती ती आतलीच. मास्तर जवळच उभे होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "माझ्या गिलाव्यावर भरवसा नाही का?"

असं विचारल्यावर सून काय बोलणार. या माणसाने, ती या घरात नवी असताना, तिला ओटा उंच पडतो म्हणून एका दुपारीत ओटा तोडून खाली घेतला होता. पिल्लू झाल्यावर तिला रात्र रात्र झोप मिळेना तेव्हा पहाटे येऊन न बोलता पिल्लाला उचलून अंगणात फेऱ्या मारणारे हेच. भरवसा नाही, हे त्यांच्या तोंडावर म्हणायला तिची जीभ वळेना. ती गेली. पाळणा आतल्या खोलीतच लागला.

पहिल्या रात्रीपासून ती भिंतीकडे बघत पडायची. भिंत तिच्याकडे बघून चकाकायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिला कळलं की इंजिनीअर बाई शाळेत बसतात आणि कुणाची तक्रार असेल तर फेरपाहणी करतात. बुधवारी शेवटची फेरी, मग त्या पुढच्या तालुक्याला जाणार. तिने घरी सांगितलं की पिल्लाला डोस पाजून आणते, आणि तशीच शाळेत गेली.

बाई पहिलीच्या वर्गात, पहिलीच्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या होत्या आणि डबा खात होत्या. सूनबाईला बघून त्यांनी सरकून जागा केली. बाक इतका बुटका होता की दोघी बसल्यावर पिल्लू दोघींपेक्षा उंच दिसायला लागलं. सूनबाई वाटेत सगळं ठरवून आली होती, कुठून सुरुवात करायची, काय झाकायचं. पण पिल्लाने बाईंच्या डब्यात हात घातला, बाईंनी त्याला हसून एक घास दिला, आणि सूनबाईच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. आळी, लाज, चुना, मनगटापर्यंत गेलेला हात.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की मला संशय आलाच होता. भूकंप होऊन गेलेला आणि सगळ्या आळीला ओल्या चुन्याचा वास. कोपऱ्यात टकटक केलं तर आवाजही थोडा पोकळ. दोन ठिकाणी मी विचारलंसुद्धा, की काही दुरुस्ती केली का? तर दोन्ही ठिकाणी छाती फुगवून सांगितलं, आमची भिंत पहिल्यापासून अशीच.

"मग लाल का नाही केलीत?" सूनबाई म्हणाली.

"वास कसा लिहू?" बाई म्हणाल्या. "मला दिसेल तेच लिहिता येतं. आणि कुणाच्या घराला मी हातोडा लावू शकत नाही. मालकाने स्वतः उघडून दाखवलं तर मी बुधवारी पहिली तुमच्याकडे येते."

सूनबाई परत निघाली तेव्हा बाईंनी मागून हाक मारली आणि विचारलं की ती आतल्या खोलीची भिंत कुणी केली? सासऱ्यांनी, असं कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, अवघड आहे तुमचं.

घरी आल्यावर सूनबाईने सासूबाईंना एकटं गाठून सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी तांदळातले खडे बाजूला टाकायचे ते परत तांदळात टाकायला सुरुवात केली. मग ताट खाली ठेवून म्हणाल्या की ते काही स्वतःहून तोडणार नाहीत. लग्नात माझ्या काकांनी यांच्या कामाला नाव ठेवलं होतं, तर हे अजून त्यांच्या घरी पाणी पीत नाहीत, आणि काका जाऊनही जमाना झाला. त्यापेक्षा असं करू, भिंत आपली आपणच तडकली असं दाखवू. ते चुन्याला गेलेत, तासभर येत नाहीत.

आणि सासूबाई खलबत्त्यातला बत्ता घेऊन उठल्या.

आधी त्यांनी हळूच ठोकलं. मग जरा जोरात. मग पदर खोचून, दोन्ही हातांनी. भिंतीवरून बत्ता असा परत येत होता, जसा काही तिला त्यांची गंमत वाटत होती. सूनबाईने एक खिळा शोधला. खिळा भिंतीला टेकवून बत्त्याचा एक घाव घातला तर खिळा वाकला. दुसरा उडून पाण्याच्या हंड्यात गेला. पिल्लू पाळण्यात उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सासूबाई घामाघूम होऊन खाली बसल्या आणि बत्त्याकडे बघून म्हणाल्या, "मेल्याने काय कालवलंय यात."

"कोणत्या मेल्याने?" दारातून आवाज आला.

मास्तर चुन्याचं पोतं खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनी बत्ता पाहिला, वाकलेला खिळा पाहिला, भिंतीवर उमटलेले फिकट ठिपके पाहिले. पोतं खाली ठेवलं. भिंतीपाशी जाऊन ते ठिपके अंगठ्याने पुसले. सूनबाईला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "मधोमध ठोकून काय होणार. गिलावा कडेने सुटतो." आणि जाऊन अंगणात बसले.

सासूबाईंनी सुनेला खूण केली की आता तूच जा. सूनबाईने पिल्लाला कडेवर घेतलं. हे ती मुद्दाम करते असं तिचं तिलाच वाटत होतं, पण पिल्लाशिवाय जायची तिची हिंमत नव्हती. मास्तर चुन्याच्या टाकीच्या कडेला बसून काठीने चुना ढवळत होते. ढवळायची काही गरज नव्हती. तिने त्यांना शाळेत गेल्याचं सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, बुधवारचं सांगितलं. ते ढवळत राहिले. आळीत काय तोंड दाखवू, असं काहीतरी पुटपुटले. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं बघतील, मास्तर स्वतःचंच काम फोडतात. आणि त्या बाई, ज्यांनी तोंडभर कौतुक केलं, त्यांना आता सांगायचं की ते सोंग होतं.

सूनबाई त्यांच्या शेजारी बसली. पिल्लाने लगेच आजोबांची काठी धरली.

ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? आतल्या खोलीत आल्यापासून तुमचं अंथरूण तुम्ही रोज भिंतीला लावून घालता. पाळणा आणि भिंत यांच्या मधे. तिथे वारा चांगला येतो म्हणता. त्या बाजूला तर खिडकीच नाही."

काठी थांबली.

"मला रात्री जाग येते पिल्लाला पाजायला," ती म्हणाली. "तुम्हीही जागे असता. मला ठाऊक आहे."

पिल्लाने काठी चुन्यातून ओढून काढली आणि आजोबांच्या धोतरावर पांढरी रेघ मारली. मास्तरांनी ती पुसली नाही. मग ते उठले आणि आत जाऊन जेवले, आणि रात्री अंथरूण घातलं तेही तिथेच, भिंतीला लावून. हो नाही, काही नाही.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा सूनबाईने त्याला शाळेतलं आणि बुधवारचं सांगितलं. तो म्हणाला की मी इकडे लोकांना पत्रे वाटतोय आणि माझ्या घराला हिरवी खूण, हे ऐकून ट्रकमधला क्लीनर दोन दिवस हसतोय. मग आवाज उतरवून म्हणाला की बाबांना दुखवू नकोस. पण पिल्लाला तिथे निजवूही नकोस. दोन्ही एकदम कसं करायचं ते त्याने सांगितलं नाही.

बुधवारी बाई ठरल्याप्रमाणे पहिल्या त्यांच्याकडे आल्या. स्कूटर दारात थांबली तशी सगळी आळी भोवती गोळा झाली. कुणी मुद्दाम आलेलं नव्हतं. कुणाला मीठ हवं होतं, कुणी शिडी परत करायला आलं होतं. शेजारच्या शिवणवाल्या मावशी तर हातात अर्धी शिवलेली बाही घेऊनच आल्या, मग घोटाळल्या आणि पलीकडून बघते म्हणून आपल्या घरात गेल्या, कारण मास्तरांची आतली भिंत ती त्यांची मागची भिंत.

फक्त मास्तर नव्हते. सकाळी उठून कुठे गेले, सासूबाईंनाही सांगून गेले नव्हते. सूनबाईने बाईंना चहा दिला. बाईंनी तो हळूहळू प्यायला. कप रिकामा झाला. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली, ते बघून सूनबाईने कप पुन्हा भरला. बोलका म्हणाला की मास्तर काही येत नाहीत, मी त्यांच्या हाताखाली वाढलो, मला विचारा. कुणी विचारलं नाही तरी त्याने आणखी दोनदा सांगितलं. सूनबाई पिल्लाला घट्ट धरून विचार करत होती की बाई गेल्या तर आपण आज रात्री पाळणा अंगणात, उघड्यावर लावू. पाऊस आला तरी चालेल, पण आत नाही.

तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली. मास्तर आले. धुतलेला सदरा, इस्त्री केलेलं धोतर, डोक्याला तेल. लग्नाकार्याला निघाल्यासारखे. हातात हत्यारांची पेटी. धार लावायला गेले होते, बाजाराच्या टोकाला, कारण त्यांच्या मते आळीतल्या सहाणेवर काही धड धार लागत नव्हती.

"तोडायचं म्हणजे काय कसंही तोडायचं?" ते कुणालाच उद्देशून म्हणाले नाहीत, पण सासूबाईंनी बत्ता पाठीमागे लपवला.

आतल्या खोलीत मास्तरांनी आधी रेघ सरळ यावी म्हणून ओळंबा सोडला. मग गेरूत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर चार रेघा मारल्या, खिडकीएवढा चौकोन. छिन्नीने रेघेरेघेने कोरत गेले. घाई नाही. दारात, खिडकीत, एकमेकांच्या खांद्यांवरून माणसं बघत होती आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. त्यांच्यातल्या निम्म्यांना मास्तरांनीच हे शिकवलं होतं आणि तरी असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चौथी रेघ पुरी झाली. मास्तरांनी करणीचं टोक कडेत घातलं, एक हात खाली धरला, आणि सगळा चौकोन अख्खाच्या अख्खा, ताट उचलावं तसा, भिंतीवरून सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो अलगद पाळण्याच्या गादीवर ठेवला.

मग त्यांनी मागचे विटांचे तुकडे, गोणपाट, सगळं उपसलं. भिंतीत उजेड दिसला. शिवणवाल्या मावशींनी पलीकडून कापडांचं कपाट सरकवलं होतं, त्या उजेडात त्यांचा डोळा दिसला.

"अगं बाई," डोळा म्हणाला. "म्हणून रोज तुमच्या कांदा परतल्याचा वास थेट माझ्या कापडांना."

सगळी खोली हसली. इंजिनीअर बाईही हसल्या, पण हसतहसत पुढे झाल्या आणि त्यांनी भेगेत हात घातला. मनगटाच्याही वर गेला. वर छपराच्या बाजूला त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. दोन्ही भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटल्या होत्या. वरच्या विटा नुसत्या एकावर एक बसून होत्या. बाई वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बाळाला आधी बाहेर न्या. आणि तुम्हीही सगळे."

सगळे अंगणात आले. मास्तर सगळ्यांत शेवटी बाहेर पडले, तो गिलाव्याचा चौकोन दोन्ही हातांवर घेऊन. तो त्यांना तिथे सोडवला नव्हता. बाईंसमोर ते उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "बाई, गिलावा खोटा नव्हता. पण भिंतीबद्दल मी खोटं बोललो."

"भिंतीबद्दल सगळी आळीच बोलली," बाई म्हणाल्या. "खरं सांगणारे तुम्ही पहिले." आणि त्यांनी पिशवीतून लाल डबा काढला.

दारावर लाल खूण उमटली आणि सूनबाईला रडू आलं, तेही असं की थांबेना. घर पाडणार म्हणून इतकं आनंदाने कुणी रडलेलं आळीने पाहिलं नव्हतं. पिल्लाने आईच्या गालावरचं पाणी बोटाने पुसून चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःही डोळे पुसत होत्या, फक्त त्यासाठी त्यांना आधी बत्ता खाली ठेवावा लागला.

मास्तर मात्र एक डोळा मिटून दाराकडे बघत होते. मग म्हणाले की बाई, रागावू नका, पण गोल डावीकडे कलला आहे.

त्यानंतर आळीत जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. मास्तरांनी स्वतःचं काम उघडलं म्हटल्यावर कुणाला कसली लाज उरली. प्रत्येक घरातून ठोकाठोकीचा आवाज, धूळ, आणि "बाई, इकडे, इकडे आधी" अशा हाका. बाई ओरडून सांगत होत्या की एकेक करून, आणि ज्यांना खरंच भेग नाही त्यांनी कृपा करून नवी पाडू नये. मास्तर त्यांच्या मागोमाग घरोघर हिंडत होते. बाई भिंत बघायच्या आणि मास्तर गिलावा. बोलक्याच्या घरी करणी नुसती टेकवली तर अर्ध्या भिंतीचा पोपडा खाली आला. मागे भेग होतीच, पिवळी खूण मिळालीच, पण बोलका त्या पोपड्याकडे बघून असा मान खाली घालून बसला की त्याची बायको म्हणाली, आज रात्री हा झोपेत बोलणार नाही बहुतेक.

कामं संपल्यावर बाई परत मास्तरांच्या अंगणात टेकल्या. तोवर सूनबाईने घरातलं आवश्यक ते सगळं बाहेर काढून बांधलं होतं. लाल खुणेच्या घरांसाठी मैदानावर तंबू पुन्हा लागत होते, आणि पिल्लू वळकटीवर चढून बसलं होतं, जसं काही ट्रक कधी निघतो याचीच वाट बघत होतं. बाई मास्तरांना म्हणाल्या की नव्या घरांचं काम सुरू झालं की सरकारला गिलाव्याची माणसं लागतील. तुमच्या हाताखाली एक तुकडी देऊ का?

सूनबाईला वाटलं, आता यांना आभाळ ठेंगणं होणार. पण मास्तरांनी आधी नातवंडाला वळकटीवरून उचललं. ते त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर आरामात पसरलं.

"गिलावा शेवटी करू," ते म्हणाले. "आधी मला भिंती बांधणाऱ्यांत घ्या. वीट न् वीट बसताना मी बघणार. कोपरे कसे बांधतात, लोखंड कुठे घालतात, ते तुम्ही मला दाखवा. ते मला येत नाही."

बाईंनी हो म्हटलं. सूनबाईने पाळण्याच्या दोऱ्या सोडून गुंडाळल्या, आणि कितीतरी दिवसांनी तिला झोप येते आहे असं वाटलं, भर दिवसा, उभ्या उभ्या.

"वीट न् वीट बघणार," सासूबाई भांड्यांचं गाठोडं उचलत म्हणाल्या. "सूनबाई, तंबूत सामान जरा नीट लाव. आपला मुक्काम लांबला."